सिंगापूर : पाण्याच्या वाटेने

सिंगापूर बघायचं ते पाण्याच्या अंगाने, हे निघण्याआधीच ठरलं होतं. माझी सगळी नोकरी पर्जन्यजलवाहिन्या, नाले आणि पातमुखं, म्हणजे नाल्यांचं पाणी समुद्रात पडतं ती तोंडं, यांच्यात गेली. समुद्रकाठच्या शहरात मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की काय होतं, ते २६ जुलै २००५ ला मुंबईने सोसलं आहे. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. सिंगापूरचं दुखणं त्याच जातीचं. चहूकडे समुद्र, सखल जमीन आणि वर्षाला सुमारे २,४०० मिमी पाऊस. वर पिण्याच्या पाण्याची चणचण, कारण आजही पाण्याचा मोठा वाटा शेजारच्या मलेशियातून, जोहोरहून येतो आणि त्याचा करार २०६१ ला संपतो. म्हणजे पाऊस रस्त्यात तुंबूही द्यायचा नाही आणि समुद्रात वाया जाऊही द्यायचा नाही. हे त्यांनी कसं जमवलंय, त्यात यंत्रांचा वाटा किती आणि आखणीचा किती, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. पुतणी आणि जावई तिथेच असल्यामुळे राहण्याची चिंता नव्हती.

व्हिसाचं काम एजंटने केलं. ‘एसजी अरायव्हल कार्ड’, म्हणजे तिथे प्रवेश करताना लागणारा ऑनलाइन अर्ज, मात्र आपलं आपण भरा. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारं पान दिसलं तर तिथून बाहेर पडा.

गुरुवार : पुंगोल

पुतणीचं घर बेटाच्या ईशान्य टोकाला, पुंगोलमध्ये. घर एचडीबीचं, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाचं. तिथले सुमारे ऐंशी टक्के रहिवासी अशाच घरांत राहतात, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. सरकारी वसाहत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते इथे विसरायचं.

नोव्हेंबरची दुपार, ऊन आणि दमट हवेने जीव नकोसा झालेला. लिफ्टकडे जाताना इमारतीच्या तळमजल्यावर पाऊल ठेवलं आणि अंगावर वारा आला. तळमजला मोकळा सोडायची इथली जुनी पद्धत आहे, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. बाकावर दोन आज्या भाजी निवडत बसल्या होत्या. जावई म्हणाले, “काका, पुंगोलच्या नव्या वसाहती आखताना वारा कुठून येतो, सावली कुठे पडते, याचं गणित आधी संगणकावर मांडतात. मग इमारतींची तोंडं ठरतात.” वाऱ्याचं ते संगणकीय प्रारूप एकदाच करायचं असतं. इमारत योग्य दिशेला उभी राहिली की पुढे बिघडण्यासारखं त्यात काही उरत नाही. रात्री जेवताना याच्या उलट उदाहरणही निघालं. तेंगा नावाच्या नव्या नगरात घरोघरी एसीऐवजी गच्चीवरून थंड पाणी फिरवणारी मध्यवर्ती यंत्रणा बसवली. कल्पना चांगली, पण सुरुवातीला बऱ्याच घरांत पाणी ठिबकल्याच्या तक्रारी आल्या आणि दुरुस्त्या करत बसावं लागलं. दोन्ही तंत्रज्ञानंच. पण पहिलं आखणीत मुरलेलं आहे आणि दुसरं वरून जोडलेलं. पुढे जिथे जिथे गेलो तिथे मी हाच फरक शोधत होतो.

संध्याकाळी पुंगोल वॉटरवेवर फिरायला गेलो. हा ४.२ किमीचा मानवनिर्मित प्रवाह २०११ मध्ये झाला. दोन्ही बाजूंच्या खाड्यांना बांध घालून केलेली पुंगोल आणि सेरांगून ही जलाशयं त्याने जोडली आहेत. काठाने पळणारे, सायकलवाले, बाबागाड्या. पण मला अडवलं ते वॉटरवे रिजेस वसाहतीतल्या एका वाफ्याने. रस्त्याच्या कडेचा दगड आपल्याकडे सलग असतो, इथे त्यात ठरावीक अंतरावर खाचा ठेवल्या होत्या. रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून शेजारच्या वाफ्यात जातं. वाफा रस्त्यापेक्षा खाली. त्यात ओलं आणि कोरडं दोन्ही सोसणारी झुडपं, खाली वाळूमातीचे थर आणि तळाला भोकांची नळी. पाणी गाळून, सावकाश, नाल्यात जातं. मी गुडघे टेकून खाचेत बोट घालून पाहिलं. पाचोळा होता, पण प्लास्टिक नव्हतं. “काका, लोक बघतायत,” पुतणी म्हणाली. बघू देत. आपल्या प्रत्येक नव्या रस्त्याला हे करता येईल आणि त्यासाठी परदेशातून काही आणावं लागणार नाही.

रात्रीचं जेवण खालच्या कॉफीशॉपमध्ये. शाकाहाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन बी हून’चा गाळा शोधायचा. तांदळाच्या बारीक शेवया, परतलेला कोबी, सोयाचे तळलेले तुकडे, वर तिखटजाळ मिरचीचा ठेचा. हिला इतकं आवडलं की पुढे रोज सकाळी तीच मागणी. कॉफी सांगताना ‘कोपी’ म्हटलं तर कन्डेन्स्ड दूध घालून गोड येते, ‘कोपी ओ’ म्हणजे काळी आणि साखरेची, ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणजे काळी, बिनसाखरेची. जेवण झालं की ताट उचलून ठरल्या जागी ठेवायचं. न ठेवल्यास दंड होऊ शकतो. मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

शुक्रवार : नकाशा आणि मरीना बॅरेज

सकाळी मॅक्सवेल रोडवरची सिंगापूर सिटी गॅलरी. नगरविकास प्राधिकरणाचं हे दालन फुकट आहे, रविवारी बंद असतं. पर्यटक फारसे नव्हते, शाळेची मुलं मात्र भरपूर. मधोमध शहराच्या गाभ्याचं भलंमोठं लाकडी-प्लास्टिकचं प्रतिरूप. उभ्या असलेल्या इमारती आणि होऊ घातलेल्या इमारती त्यात वेगळ्या ओळखता येतात. विकास आराखड्याचा दर पाच वर्षांनी फेरविचार होतो आणि कुठल्या भूखंडावर काय येणार, किती उंच येणार, हे कोणालाही फोनवर बघता येतं. सगळ्या बेटाचा त्रिमितीय डिजिटल नकाशाही त्यांनी केला आहे. सौर पॅनेलला ऊन कुठे मिळेल, इमारतीची सावली कुठे पडेल, हे त्यावर आधी तपासतात.

एका फलकासमोर मी बराच वेळ उभा होतो. १९७७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कालांग खोरं दहा वर्षांत स्वच्छ करण्याचं उद्दिष्ट दिलं. डुकरांची खुराडी, रस्त्यावरचे खाद्यविक्रेते, काठावरच्या वस्त्या, गोदामांच्या होड्या, सगळं हलवलं गेलं. १९८७ पर्यंत काम पुरं झालं. हजारो कुटुंबांना घर सोडावं लागलं, तेव्हा हे काही गोड प्रकरण नव्हतं. मात्र हललेल्यांना पक्की घरं आणि विक्रेत्यांना नळ-गटार असलेली हॉकर सेंटरं मिळाली. नदी शुद्ध झाली म्हणूनच पुढे तिच्या मुखाशी गोड्या पाण्याचं धरण बांधायचा विचार करता आला.

समोरच्याच मॅक्सवेल फूड सेंटरला अशा एका हॉकर सेंटरचा अनुभव घेतला. दुपारी बारानंतर बसायला जागा मिळत नाही, अकराला पोहोचा. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कोणीतरी राखलेली आहे असं समजायचं. शेंगदाण्याच्या गोड सूपमध्ये पोहणारे तिळाचे गोळे खाल्ले. बाहेरची तांदळाची पारी थेट उकडीच्या मोदकाची.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. इथला पाऊस सूचना देऊन येत नाही, पण जावयांचा फोन देतो. पीयूबी, म्हणजे तिथलं पाणी मंडळ, टेलिग्रामवर संदेश पाठवतं: कुठल्या भागात जोराचा पाऊस येतोय, कुठल्या रस्त्याकडेचा नाला नव्वद टक्के भरलाय, पुढचा तासभर तिकडे जाऊ नका. नाल्यांमध्ये पाणीपातळी मोजणारे सेन्सर आहेत, कॅमेरे आहेत आणि त्यांची माहिती नागरिकांसाठी खुली आहे. मी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. नालेसफाई किती टक्के झाली, हे आकडे आपण दरवर्षी मे महिन्यात ऐकतो. नाला आत्ता किती भरलाय, हा आकडा माझ्या नोकरीत मला फोन करून चौकीवरच्या माणसाकडून घ्यावा लागायचा.

सिंगापुरात पाणी तुंबतच नाही, असं मात्र नाही. २०१० आणि २०११ मध्ये ऑर्चर्ड रोडसारख्या झगमगीत रस्त्यावरची दुकानं बुडाली होती. लोक संतापले. मग दोन किलोमीटरचा वळण-कालवा काढला आणि बोटॅनिक गार्डनच्या बाजूला जमिनीखाली ३८,००० घनमीटरची साठवण टाकी बांधली. हे पुरं व्हायला २०१८ उजाडलं. मुंबईतही दादरजवळच्या हिंदमाता भागात तुंबणारं पाणी धरायला भूमिगत टाक्या झाल्या आहेत, त्यामुळे या टाकीची गोष्ट ऐकताना परकं काही वाटलं नाही.

पाऊस ओसरल्यावर मरीना बॅरेजला गेलो. ‘गार्डन्स बाय द बे’ मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. ३५० मीटर लांबीच्या या बंधाऱ्याला नऊ पोलादी दरवाजे आहेत. ओहोटीच्या वेळी पाऊस आला तर दरवाजे खाली झुकतात आणि जादा पाणी आपोआप समुद्रात जातं. भरती असेल तर दरवाजे उघडता येत नाहीत, कारण समुद्रच आत येईल. तेव्हा सात पंप चालतात, प्रत्येकाची क्षमता सेकंदाला ४० घनमीटर. मुंबईच्या उदंचन केंद्रांतला, म्हणजे पाणी उपसणाऱ्या केंद्रांतला, एक पंप सेकंदाला ६ घनमीटर उपसतो, यावरून कल्पना यावी. २००८ मध्ये बंधारा सुरू झाला. आत अडकलेलं खारं पाणी पावसाने हळूहळू हटत गेलं आणि २०१० मध्ये मरीना जलाशय गोड्या पाण्याचा झाला. बेटाच्या एक-षष्ठांश भागावरचा पाऊस इथे येतो. पूर अडवणं, पाणी साठवणं आणि लोकांना फिरायला जागा देणं अशी तीन कामं एकाच बांधकामाने केली आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा दोन दरवाजे झुकलेले होते. तपकिरी पाण्याची जाड चादर त्यांच्यावरून समुद्रात पडत होती आणि पुलाचा कठडा हाताला थरथरलेला कळत होता. पंपघराच्या छतावर हिरवळ आहे, तिथे पोरं ओल्या गवतात पतंग उडवत होती. या छताखाली शहराचा पूर थोपवणारी यंत्रं आहेत हे त्यांच्या गावीही नसेल. उदंचन केंद्र म्हणजे कुंपण, कुलूप आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी, असंच मी आयुष्यभर पाहिलं. इथे लोक त्याच्यावर डबे उघडून बसले होते. मला फार आनंद झाला, खरंच.

शनिवार : बिशान, जिथे कालव्याची नदी झाली

ज्यासाठी आलो ते हे ठिकाण. कालांग ही सिंगापुरातली सर्वांत लांब नदी. पूर आणि गटारगंगा यांना कंटाळून तिचा मोठा भाग काँक्रीटच्या कालव्यात घातला होता. बिशान-आंग मो क्यो उद्यानाच्या कडेने असा सरळसोट २.७ किमीचा कालवा जायचा. कालवा जुना झाला, पाणी मावेना. रुंद करा, हा सरळ उपाय होता. त्याऐवजी पाणी मंडळ आणि उद्यान मंडळ एकत्र बसले, जर्मन भूदृश्यरचनाकार हर्बर्ट ड्रायसाइटल यांच्या संस्थेला बोलावलं, काँक्रीट फोडलं आणि नदीला उद्यानात शिरू दिलं. २०१२ मध्ये काम पुरं झालं. वळणं घेत घेत नदी आता सुमारे तीन किलोमीटरची झाली आहे. कालव्याची रुंदी १७ ते २४ मीटर होती. मोठ्या पावसात आज नदी सुमारे शंभर मीटरपर्यंत पसरू शकते आणि पाणी वाहून न्यायची क्षमता सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढली. पसरते कुठे? उद्यानाच्या हिरवळीवर. एरवी तीच जागा मुलांना खेळायला मोकळी असते.

आम्ही सकाळी साडेसातला पोहोचलो. आदल्या दिवशीच्या पावसाच्या खुणा दिसत होत्या. काठाचं गवत प्रवाहाच्या दिशेने आडवं पडलेलं, झुडपांना पाचोळा अडकलेला, आणि तो कुठवर अडकलाय त्यावरून पाणी कुठवर चढलं होतं ते कळत होतं. पाणी आता घोट्याएवढं. दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायची वाट आहे, तिथे एक लहान मुलगी जाळी घेऊन मासे धरत होती.

काठ कसा टिकतो हे मी वाकून वाकून पाहिलं. कुठे दगडांची रास, कुठे रोपट्यांच्या जुड्या काठात पुरलेल्या, कुठे नारळाच्या काथ्याची जाळी आणि तिच्यातून वर आलेली मुळं. उष्ण कटिबंधात अशी कामं फारशी झालेली नव्हती, म्हणून आधी छोट्या पट्ट्यावर वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या, मग सगळीकडे वापरल्या. काथ्याची जाळी बघून तर कोकणातला माणूस म्हणून मला भरून आलं. हा माल आपल्या दारात तयार होतो.

एक वृद्ध चिनी गृहस्थ रोजच्या चालण्याला आले होते. मी खाली बसून काय बघतोय याचं त्यांना कुतूहल वाटलं. आंग मो क्योच्या ब्लॉकमध्ये ते अनेक वर्षं राहतात. पूर्वी इथे कुंपण होतं, मुलं जवळ गेली की आई ओरडायची, असं त्यांनी सांगितलं. मग मला ओढतच एका खांबापाशी नेलं. वर दिवा, भोंगा, खाली पाटी. वरच्या भागात पाणी चढायला लागलं की सेन्सरवरून कळतं, दिवे लागतात, भोंगा वाजतो, घोषणा होते. “भोंगा वाजला की मी वर जातो. तासा-दोन तासांनी नदी खाली जाते, मी परत येतो,” ते म्हणाले. पाणमांजरंही येतात म्हणाले, पण आज ती दिसणार नाहीत, शनिवारी गर्दी फार. आणि बोलत असतानाच पलीकडच्या काठावर चार पाणमांजरं एकामागोमाग पाण्यात उतरली. म्हातारबाबा टाळ्या वाजवून हसले आणि शेजारी धावणारे चार जण थांबून फोन काढून उभे राहिले.

मला जे सांगायचंय ते या खांबापाशी स्पष्ट झालं. भोंगा आणि सेन्सर साधेच आहेत, आपल्याकडचा कुठलाही अभियांत्रिकीचा विद्यार्थी करील. पण ते उपयोगी पडतात कारण भोंगा वाजल्यावर माणसाला वर जायला उतार आहे आणि पाण्याला पसरायला मैदान आहे. मुंबईच्या मिठी नदीच्या दोन भिंतींमध्ये हाच भोंगा लावला तर तो ऐकून काठच्या झोपडीतल्या माणसाने जायचं कुठे? आधी जागा, मग यंत्र. हा क्रम उलटा करून खर्च केलेला प्रत्येक रुपया पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो, आणि हे मी अनेक पावसाळे पाहून म्हणतो आहे.

फोडलेल्या कालव्याचं काँक्रीट टाकून दिलेलं नाही. त्याच तुकड्यांची एक टेकडी रचली आहे, ‘रीसायकल हिल’. वर चढून बसलो आणि पुतणीने दिलेले मेथीचे ठेपले खाल्ले. उद्यानात खाणाऱ्यांच्या पायाशी मैना घुटमळतात. त्यांना घालू नका, मनाई आहे.

रविवार : कंपुंग ॲडमिरल्टी आणि लिटल इंडिया

उत्तरेला ॲडमिरल्टी स्टेशनबाहेर कंपुंग ॲडमिरल्टी नावाची इमारत आहे. २०१८ मध्ये तिला वर्ल्ड बिल्डिंग ऑफ द इयरचा मान मिळाला. खाली मोकळा चौक, त्यावर हॉकर सेंटर, त्यावर दवाखाना, वर पायऱ्यापायऱ्यांची बाग आणि ज्येष्ठांसाठी १०४ छोटी घरं. पाळणाघरही याच इमारतीत, त्यामुळे बागेत आज्या आणि नातवंडं एकत्र दिसतात. पावसाचं पाणी साठवून बागेला घालतात. ही तिथून हलायलाच तयार नव्हती. “म्हातारपणी असं घर असेल तर मुलांवर भार नाही,” म्हणाली. नंतर बराच वेळ ती गप्प होती.

बाहेर रस्ता ओलांडताना एका आजींनी सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला आपलं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड लावलं. हिरवा माणूस लागला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. ही सोय २००९ पासून आहे. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्तीचे मिळतात. आजी काठी टेकत निवांत पलीकडे गेल्या, कोणी हॉर्न वाजवला नाही. त्या एका कार्डाने मला डिजिटल नकाशाहून अधिक जिंकलं.

संध्याकाळी लिटल इंडिया. कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला. हे उपाहारगृह १९४७ पासून आहे. रविवार असल्यामुळे रस्ते तामिळ आणि बांगलादेशी कामगारांनी फुललेले. पुदुकोट्टैच्या एका तरुणाशी मोडक्या हिंदी-इंग्रजीत बोललो. तो नाला रुंदीकरणाच्या कामावर आहे. मी त्याच कामातला म्हटल्यावर त्याने मला शेजारी बसवून घेतलं, फोनवर खड्ड्याचे, सळ्यांचे फोटो दाखवले, कौतुकाने. कामावर जाण्यायेण्याला ट्रकच्या हौद्यात बसावं लागतं, तेही त्याने सांगितलं. आदल्या सकाळी मीही असे ट्रक पाहिले होते. लोकांच्या पावलांसाठी सेकंद मोजणारं हे शहर आपले नाले बांधणाऱ्यांना अजून मालासारखं ट्रकमधून नेतं, हे मला आवडलं नाही. शाश्वत शहराच्या हिशेबात ही माणसंही धरायला हवीत.

तुमच्याकडे एकच दिवस असेल तर सकाळी बिशान, दुपारी सिटी गॅलरी आणि संध्याकाळी मरीना बॅरेज करा. तिन्ही फुकट आहेत. बिशान स्टेशनवरून उद्यान पंधरा-वीस मिनिटं चालत. आपलं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड मेट्रो-बसला चालतं, परदेशी कार्डाला थोडं शुल्क पडतं. बाटली जवळ ठेवा, नळाचं पाणी बेलाशक प्या. छत्री हवीच. पाऊस आला म्हणून बेत बदलू नका, उलट पाऊस थांबल्यावर तासाभरात बिशानला पोहोचा. आणि निघण्याआधी आपल्या वॉर्डातल्या नाल्याची रुंदी किती, मूळ किती होती, हे विचारून जा. नदीकाठी उभं राहिल्यावर तो आकडा माहीत असायला हवा.